जुहूचे छोटे मैदान

जुहूच्या चौपाटीवर भेळ खात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून एखादे हेलिकॉप्टर घरघरत जाते. तो क्षणभर मान वर करतो आणि पुन्हा भेळेकडे वळतो. ते कोठून उठले, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. समुद्राजवळच, इमारतींनी चोहोबाजूंनी वेढलेला एक लहानसा विमानतळ आहे, याची अनेक मुंबईकरांनाही दाद नसते. मग मुंबईबाहेरच्या श्रोत्यांनी त्याचे नाव ऐकले नसेल तर नवल नाही.

1928 साली हे मैदान विमानांसाठी वापरात आले. त्याच सुमारास मुंबईत, तसेच दिल्ली, कलकत्ता अशा शहरांत, सरकारी साहाय्याने हौशी वैमानिकांचे क्लब निघाले. विमान चालविणे हा तेव्हा धंदा नव्हता. धाडसी आणि बऱ्यापैकी सुखवस्तू माणसांचा तो छंद होता. मुंबईच्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा या तरुणाला 10 फेब्रुवारी 1929 रोजी परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

पुढे 15 ऑक्टोबर 1932 रोजी हाच तरुण कराचीहून टपालाची पिशवी घेऊन निघाला आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरला. विमान होते एका इंजिनाचे ‘पस मॉथ’, आणि टपाल सुमारे 25 किलो. येथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे मद्रासला नेले. आपल्या देशाच्या नियमित हवाई वाहतुकीचा प्रारंभ म्हणून ज्या प्रवासाचा उल्लेख होतो, तो हाच. त्याच्या स्वागताला जुहूला काय होते? झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी आणि चिखलट जमीन. पावसाळा आला की मैदान निकामी होई. मग सारे बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या माळावर हलवावे लागे. तरीही 1933 या पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने 155 प्रवासी नेले. त्या सेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला गेली आणि जुहू मागे पडले. मात्र शेजारच्या थोरल्या भावाशी त्याचे साम्य राहिले. दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, आणि अंतर अवघे दोन-तीन किलोमीटरांचे. 1953 च्या जुलैत एक परदेशी कॉमेट जेट चुकून जुहूलाच उतरले. काही दिवसांनी ते तेथूनच उडवून नेण्यात आले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपानी कंपनीच्या एका विमानाने तीच चूक केली. त्याला धावपट्टी पुरली नाही आणि विमान निकामी झाले. प्राण मात्र कोणाचे गेले नाहीत. 1982 साली, पहिल्या प्रवासाला 50 वर्षे झाली तेव्हा, 78 वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीहून ‘लेपर्ड मॉथ’मधून येऊन येथेच उतरले. ती मात्र चूक नव्हती.

आज या मैदानावर मुख्यतः हेलिकॉप्टरांचा राबता आहे. समुद्रातील ‘बॉम्बे हाय’च्या तेलविहिरींवर काम करणारी माणसे येथूनच ये-जा करतात. क्लब अजून आहे, पण त्याच्या विद्यार्थ्यांचे उड्डाणाचे शिक्षण आता धुळ्याला चालते. ते योग्यच आहे. ज्याचा हात अजून बसलेला नाही अशा शिकाऊ माणसाने प्रचंड विमानांच्या वाटेत आणि दाट वस्तीच्या माथ्यावर घिरट्या घालू नयेत.

माझ्यासारख्या सरकारी नोकराला जमिनीकडे चौरस मीटरांत पाहण्याची सवय जडलेली असते. कुंपणाशी उभा राहून मीही मनात भाव काढला, हे कबूल करतो. एवढ्या मोक्याच्या जागी एवढे मोकळे गवत कशाला? पण लगेच वाटले, 1928 साली कोणी हाच हिशेब मांडला असता तर चार हौशी मंडळींच्या छंदाच्या रकान्यात त्याला काय लिहिता आले असते? उत्पन्न शून्य, उपयोग संशयास्पद. चारच वर्षांनी त्या छंदातून देशाची टपालसेवा निघेल, हे फाइलीत कोठेही दिसले नसते.

मोठे विमानतळ तयार वैमानिकांसाठी असतात. वैमानिक तयार होतो तो लहान मैदानावर, जेथे विमान थोडे आपटून उतरले तर गुरुजी रागावतात आणि पुन्हा उडायला लावतात. जुहूने ते काम केले आणि शहराने वेढल्यावर ते धुळ्याकडे सोपविले. उद्या धुळेही वाढेल. तेथील जमिनीलाही भाव येईल, आणि माझ्यासारखाच कोणी कुंपणाशी उभा राहून मनात गुणाकार करू लागेल. त्या वेळी त्याला जुहूची झावळ्यांची झोपडी आठवावी, एवढीच माझी इच्छा आहे.