शकुंतलेची स्थानके



यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मापाच्या रेल्वेला वऱ्हाडात सारे 'शकुंतला' म्हणतात. तिच्या इंजिनाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही तिच्या ओस पडलेल्या स्थानकांविषयी बोलणार आहो.

विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने हा मार्ग घातला, तो वऱ्हाडी कापसासाठी. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव येथला माल मूर्तिजापुरास येई. तेथून पुढे रुंद मापाचे रूळ. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाही. म्हणून कापसाची गाठ न् गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. मग मुंबई, आगबोट आणि मँचेस्टर. त्याच मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर राबले. त्याचे कौतुक झाले, ते योग्यच. पण गाठी पाठीवर वाहणाऱ्यांचे काय?

१९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली. गाड्या ती चालवी. मार्गाची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. पुढे माल मोटारींकडे वळला आणि स्थानकांवरची माणसे कमी होत गेली. अखेरच्या काळात तिकिटे गार्डच देई. फाटक आले की गाडीतलाच माणूस खाली उतरून ते लावी, गाडी पुढे गेली की उघडी. सातएक माणसे सगळी स्थानके जणू गाडीत घालून हिंडत होती!

आमचे म्हणणे एवढेच की, शेवटची गाडी जाते त्या दिवशी स्थानक बंद पडत नाही. शेवटचा कामगार उठवला जातो त्या दिवशी पडते. मास्तर नाही म्हणून मालाची पावती नाही. पावती नाही म्हणून व्यापारी नाही. व्यापारी नाही म्हणून तोटा. आणि तोटा दाखवला की कुलूप लावायला कारण मिळते.

आज गाडी बंद आहे. मार्ग रुंद करा, अशी वऱ्हाडची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. स्वस्त गाडीवाचून गरिबाचा बाजार अडतो, दवाखाना अडतो. पण मागणीपत्रात रुळांच्या आधी एक ओळ लिहा: प्रत्येक स्थानकावर माणूस हवा.