ग्रामपंचायतीस उभें कोणी राहावें?

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



पंचायतीच्या निवडणुकीचें वारें सुटलें कीं पारावर एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "त्या अडाण्याला पंचायतींतलें काय कळतें?" हें वाक्य कोण बोलतो तें जरा कान देऊन ऐका. ज्याच्या वाड्यांत तीन पिढ्या पंचायत नांदली तो तर बोलतोच; पण ज्याच्या बापानें जन्मभर अंगठा उठविला, तोहि चार बुकें शिकल्यावर तेंच बोलूं लागतो. आम्ही पडलों शाळामास्तर. शिक्षणाची तरफदारी करणें हीच आमची भाकर. तेव्हां आम्ही या बोलण्याला मान डोलावूं असें पुष्कळांस वाटलें असेल. तसें होणार नाहीं. अमक्याला मत द्या असें सांगण्याचा आम्हां सरकारी नोकरांस अधिकार नाहीं, व तें आम्ही सांगणारहि नाहीं. पण उमेदवारीच्या दारांत कोणास अडवावें आणि कोणी अडवावें, याचा विचार तुमच्यापुढें मांडण्यास कोणाची हरकत नसावी.

आधीं कायदा काय म्हणतो तें पाहूं. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ सालीं झाली व २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली. तिनें पंचायतीला घटनेंत जागा दिली. अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येच्या मानानें, आणि स्त्रियांस निदान एक-तृतीयांश जागा राखून दिल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं स्त्रियांचा वांटा निम्म्यावर नेला. एकवीस वर्षें पुरीं झालेल्यास उभें राहतां येतें. इथपर्यंत सारें ठीक. पण कोणी उभें राहूं नये हें ठरविण्याची मुभा त्याच दुरुस्तीनें राज्यांच्या विधिमंडळांस ठेविली. दार मोठें केलें, आणि कडी दुसऱ्याच्या हातीं दिली.

ही कडी कशी लागली पाहा. राजस्थानांत निवडणूक तोंडावर असतां डिसेंबर २०१४ मध्यें वटहुकूम निघाला: सरपंच आठवी पास हवा, अनुसूचित क्षेत्रांत पांचवी पास, पंचायत समितीस व जिल्हा परिषदेस दहावी. हरियाणानें २०१५ सालीं तोच कित्ता गिरविला. सर्वसाधारण पुरुषास दहावी. स्त्रिया व अनुसूचित जातींचे उमेदवार यांस आठवी. पंच होऊं पाहणाऱ्या अनुसूचित जातींच्या स्त्रीस पांचवी. शिवाय घरीं शौचालय हवें, विजेचें बिल व सहकारी बँकेचें कर्ज थकलेलें नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १० डिसेंबर २०१५ रोजीं न्यायालयानें कायदा वैध ठरविला. बऱ्यावाइटाचा विवेक शिक्षणानेंच येतो असें त्याचें म्हणणें पडलें. न्यायालयाचा मान राखून आम्ही एवढेंच विचारतों, कीं आपल्या आजीला बरें-वाईट कळत नव्हतें काय? खुद्द सरकारनें न्यायालयापुढें ठेविलेल्या आकड्यांप्रमाणें, एरवीं ज्यांस उभें राहतां आलें असतें त्यांपैकीं सुमारें ५७ टक्के लोकच नव्या अटींत बसत होते. म्हणजे शंभरांतले त्रेचाळीस एका कायद्यानें बाहेर. राजस्थाननें आपली अट २०१९ सालीं काढून टाकली.

आणि गंमत अशी, कीं हे कायदे करणाऱ्या आमदारास, किंवा दिल्लीच्या खासदारास, शाळेची अट कांहींच नाहीं. राज्याचा अर्थसंकल्प हात वर करून मंजूर करावयास दाखला लागत नाहीं. गांवच्या नळाला तोटी बसविण्याचा ठराव करावयास मात्र लागतो!

आपल्याकडे २०१७ सालीं सरपंच थेट लोकांनीं निवडावा असें ठरलें, तेव्हां १ जानेवारी १९९५ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी पासची अट आली. २०२० सालच्या अखेरीस जाहीर झालेल्या निवडणुकींच्या वेळीं ती सदस्यांसहि लागू केली गेली. हरियाणाच्या मानानें ही अट सौम्य. म्हातारीं माणसें तींतून सुटलीं. पण तींत सांपडलें कोण? बीड जिल्ह्यांतून दरसाल कुटुंबेंच्या कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत येतात. त्यांच्या मुलांचीं नांवें आमच्यासारख्यांच्या हजेरीपटावर असतात, मुलें फडावर असतात. १९९६ सालीं जन्मलेली त्यांतलीच एखादी मुलगी डोळ्यांपुढें आणा. चौथींत असतांना कोपीवर धाकट्या भावाला सांभाळावयास गेली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. आज ती बचतगटाचा पै-पैचा हिशेब तोंडीं सांगते, रेशनच्या दुकानांत मापाखालीं हात घालणाऱ्याला धाक दाखविते. ती उभी राहूं शकत नाहीं. तिच्या शेजारचा, सातवीचा दाखला खिशांत घालून हिंडणारा, राहूं शकतो.

यांत दोष कोणाचा? जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली होती, कीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या घटनेनें सांगितलें, कीं चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारनें दहा वर्षांच्या आंत करावा. म्हणजे १९६० पर्यंत. तो हक्क देणारा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजीं. देणेकरी सरकार, त्यानें पन्नास वर्षें फेड चुकविली, आणि जप्ती आली ती घेणेकऱ्याच्या घरावर.

शिवाय या दाखल्याची खरी किंमत आम्हां मास्तरांइतकी कोणास ठाऊक? २०१० सालीं लागू झालेल्या त्याच कायद्यानें आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचें नाहीं असें ठरविलें होतें; २०१९ सालीं त्यांत दुरुस्ती झाली. मुलांना मागें बसवून रडविण्याच्या आम्ही विरुद्ध आहों, तेव्हां त्या कायद्याला नांवें ठेवीत नाहीं. पण सातवीचा दाखला म्हणजे मनुष्य पटावर होता याचा पुरावा. त्याला पंचायतीचें जमाखर्चाचें पान वाचतां येतें, याचा नव्हे.

आतां दुसरी बाजू. अंगठेबहाद्दर सरपंच झाला तरी बिघडत नाहीं, पुढें देव पाहील, असें आम्ही म्हणत नाहीं. वित्त आयोगाचा पैसा आतां पंचायतीच्या खात्यावर येतो, आणि तो खर्चावयास सरपंचाची व ग्रामपंचायत अधिकाऱ्याची अशी दोघांची संगणकावरील सही लागते. ही सही म्हणजे बोटाएवढी किल्ली. ती ज्याच्या खिशांत, गांवचा पैसा त्याच्या हातांत. स्त्री राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईची किल्ली नवऱ्याच्या खिशांत असते, हें काय आम्हीं नव्यानें सांगावयास हवें? आणि जागा मागासवर्गीयासाठीं सुटली कीं गांवचा बडा असामी आपल्या सालगड्याला उभा करतो. सालगड्याचा दाखला पुरा, शौचालय पुरें, सारे कागद पुरे. कारण ते मालकानेंच पुरे करविलेले असतात. आमच्या मतें खरा नालायक उमेदवार हा. तो शिकलेला असेल, नसेल. पण तो दुसऱ्याच्या हुकुमानें सही करतो. असल्या उमेदवाराला अडविणारी अट एकाहि कायद्यांत नाहीं, आणि असूंहि शकत नाहीं.

पंचायतींत शिकलेला मनुष्य हवाच, आणि तो तेथें आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सरकार पात्रता पाहून नेमतें व पगार देतें. सरपंच हा त्याच्यावर देखरेख करणारा गांवचा मनुष्य. शेतकऱ्याला पटाशी धरतां येत नाहीं, पण सुतारानें तिफणीचा फण वांकडा बसविला तर पहिल्या तासालाच त्याला कळतें. वसंतदादा पाटलांचें शालेय शिक्षण फारसें झालें नव्हतें. ते मुख्यमंत्री झाले. मद्रासचे कामराज शाळा अर्ध्यावर सोडलेले; त्यांनीं मुख्यमंत्री असतां खेड्यापाड्यांत शाळा उघडल्या व मुलांना दुपारचें जेवण सुरू केलें. असे लोक रोज निपजत नाहींत, हें खरें. पण अट आधींच असती तर हे दोघे पंचायतीच्या पायरीवरच अडले असते.

शाळेचा दाखला नको तर दुसरी एखादी चाळण लावा, असें कोणी म्हणेल. अमेरिकेंत तशी लावली आहे. तेथें पक्षाचा उमेदवार कोण हेंहि मतदारच आधीं एका निवडणुकींत ठरवितात. तिला प्रायमरी म्हणतात. पूर्वीं हें काम पक्षाचे पुढारी आपसांत उरकीत. विस्कॉन्सिन राज्याच्या लोकांनीं १९०४ सालीं कौल देऊन तें आपल्या हातीं घेतलें. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नांव यावयाचें तर पुष्कळ ठिकाणीं त्या भागांतील ठराविक मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. कल्पना वाईट नाहीं. ज्याला चारशें दारें हिंडण्याचा कंटाळा, त्यानें लोकांचा वेळ कां घ्यावा? पण सह्या मोजणार कोण आणि खोडणार कोण, येथें घोडें पेंड खातें. १९९६ सालीं शिकागो शहरांत राज्याच्या सिनेटच्या एका जागेसाठीं बराक ओबामा उभे होते. त्यांच्या बाजूनें इतर चौघांच्या सह्यांवर हरकती घेतल्या गेल्या. चौघेहि बाद झाले, प्रायमरींत एकच नांव उरलें. सारें कायद्यांत बसणारें, आणि उरलेला मनुष्यहि लायक. २००८ सालीं तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. पण शिकागोच्या त्या मतदारानें त्या दिवशीं निवडलें काय?

टेक्सस राज्यांत तर याहून वाईट होतें. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरींत काळ्या लोकांस मतच देऊं देत नसत. १९४४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तें बंद पाडलें. पुढें त्याच राज्यांत प्रायमरीस उभें राहण्याची फी इतकी जबर झाली, कीं ती १९७२ सालीं न्यायालयाला रद्द करावी लागली. आधीं कातडी आडवी आली, मग पैसा.

आपल्याकडेहि शाळेची अट एकटी नाहीं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरें मूल झालें तर उमेदवारी नाहीं. घरपट्टी-पाणीपट्टी थकली तर नाहीं. शौचालय नसेल, किंवा असून वापरांत नसेल, तर नाहीं. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर नाहीं, आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घरच्या माणसाचें अतिक्रमणहि भोंवतें असें ठरविलें. या शेवटच्या अटीवर थोडें थांबूं. बड्या बागायतदारानें नाला बुजवून ऊस लावला तर ती मोजणी कोण मागणार? पण ज्याच्या बापाला शेत नव्हतें, गांवठाणांत जागा नव्हती, आणि म्हणून ज्यानें गायरानाच्या कडेला खोपट घातलें, त्याचा मुलगा उभा राहिला कीं हरकतीचा कागद तयार असतो. कायदा दोघांनाहि सारखाच. हरकत घेणारा मात्र सारखा नसतो.

निवडून आल्यावरहि फास सुटत नाहीं. राखीव जागेवरच्या माणसानें जातवैधतेचें प्रमाणपत्र मुदतींत दिलें नाहीं तर निवड आपोआप रद्द. निकालापासून तीस दिवसांच्या आंत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हरलेल्यानेंहि द्यावा लागतो! "हरलों, आतां कसला हिशेब" म्हणून घरीं बसणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत अपात्र ठरवितां येतें. आपलीं माणसें येथें फार ठेंचाळतात.

म्हणून सांगणें असें. हे कायदे बदलावेत असें आम्हांस वाटतें व तुम्हीं ग्रामसभेंत तसें बोलावें. पण बदलेपर्यंत कागदावाचून मार खाऊं नका. पट्टीची पावती, जन्माचा व जातीचा दाखला आतांपासून पत्र्याच्या पेटींत एकत्र ठेवा. वैधतेचा अर्ज निवडणुकीच्या आधींच टाका. अर्ज संगणकावर भरावयाचा असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहूं नका. डिसेंबर २०२० मध्यें यंत्रणाच अडकली आणि शेवटीं निवडणूक आयोगाला कागदी अर्ज घ्यावे लागले होते. आणि भाऊबंदांनीं "बिनविरोध करूं" म्हटलें तर किती रुपयांना, हें विचारा. नाशिक जिल्ह्यांत उमराणें व नंदुरबार जिल्ह्यांत खोंडामळी येथें पदाचा लिलाव झाला म्हणून आयोगानें जानेवारी २०२१ मध्यें तेथील निवडणूकच रद्द केली. बोली लागते तेथें दाखला कोणी पाहत नाहीं.

मत मागावयास येणाऱ्याला आंत बसवा, पाणी द्या, आणि तीन गोष्टी विचारा. सहीची किल्ली कोणाजवळ ठेवणार? वाचतां येत नसेल तर कागद कोणाकडून वाचून घेणार, तुझ्या माणसाकडून कीं त्यांच्या? ग्रामसभेंत जमाखर्च मोठ्यानें वाचून दाखविणार काय? बायकांनीं हे प्रश्न बाई उमेदवाराला विचारावेत, तिच्या नवऱ्याला नव्हे. तो मध्येंच उत्तर देऊं लागला तर त्याला ओसरीवर बसवावें.

उमेदवारी अर्जाचा व प्रतिज्ञापत्राचा एकेक नमुना आम्हीं बरोबर आणला आहे. ज्यांना तो वाचून घ्यावयाचा असेल त्यांनीं भाषण संपल्यावर या कंदिलापाशीं थांबावें. एकेक रकाना वाचून समजावून देऊं, घाई नाहीं.