वेदनेचा पहारा उठतो तेव्हा

(एका कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. तरीही आज मधुमेहाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण या व्याधीने माझ्या घराला एक धडा शिकविला आणि त्याची किंमतही वसूल केली.

माझे थोरले बंधू पंधरा वर्षांचे मधुमेही. पूर्वी रात्री त्यांच्या तळव्यांची आग होई, मुंग्या येत. पुढे ते सारे थांबले. "आता पाय अजिबात त्रास देत नाहीत," असे दादा समाधानाने सांगत आणि आम्हालाही बरे वाटे. एका वैशाखात भर दुपारी त्यांनी देवळाच्या फरसबंदीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. इतर जण चटके बसून सावलीकडे धावत होते. दादा मात्र शांतपणे चालत राहिले. आम्हाला ती त्यांची श्रद्धा वाटली. दोन दिवसांनी वहिनींना घरातील फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा तळव्याचे फोड फुटले होते. जखम चिघळत गेली आणि अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली.

त्रास थांबला म्हणजे व्याधी हटली, असे आपण समजतो. येथे नेमके उलटे घडले होते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतूंची आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी होते. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून पहिला आघात तेथे होतो. वेदना ही शरीराच्या वेशीवरील पहारेकरी आहे. ती गेली, की खडा, खिळा, गरम पाणी कोणीही आत शिरावे! चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, ही याचीच एक खूण. शरीरांतर्गत क्रिया चालविणारे तंतू बाधले, तर उठताच भोवळ येते; कधी हृदयविकाराचा झटकाही छातीत कळ न येता येऊन जातो.

हे आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटले नव्हते. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये हातापायांची सुप्तता आणि दाह यांचा उल्लेख आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील मोठ्या अभ्यासात, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर आवाक्यात ठेवल्यास तंतूंच्या विकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटते, असे आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हा प्रश्न आता घराघराचा आहे.

मग करावे काय? वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. नादकाट्याचे कंपन आणि नायलॉनच्या बारीक तंतूचा स्पर्श जाणवतो की नाही, हे डॉक्टर काही मिनिटांत पाहतात. मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, ब-१२ जीवनसत्त्वही तपासावे. त्याच्या अभावानेही बधिरता येते. घरातही अनवाणी फिरू नये. पाण्याचा कढतपणा दुसऱ्याने पाहावा. भोवरी ब्लेडने कापू नये. देवदर्शनाला पहाटे जावे. तेव्हा फरशी थंड असते आणि देव तोच असतो.

आपण वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावून नमस्कार करतो. हात पायांना लागतो, पण तळव्यांकडे पाहतो कोण? ज्याची वेदना झोपली आहे, त्याच्यासाठी घरातील कोणीतरी जागे राहिले पाहिजे. दादांच्या घरी आता तिन्हीसांजेला शुभंकरोती झाली, की नात बॅटरी घेऊन आजोबांचे तळवे पाहते. मागील महिन्यात तिला टाचेत रुतलेला काचेचा कण दिसला. दादांना त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी त्यांचा पाय वाचला, तो त्या आठ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी.

आज घरी गेल्यावर आपणही पाहा. नमस्कार.