एका मेजाभोवती

२००५ सालच्या २६ जुलैला मुंबईवर पाऊस कोसळला, तेव्हा सांताक्रूझच्या हवामान केंद्रात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला तो जेमतेम ७३ मिलिमीटर. शहर एकच, पण दक्षिण टोकाच्या खिडकीतून पाहणाऱ्याला मिठी नदीने कुर्ल्यात काय मांडले आहे, याची कल्पना यावी तरी कशी? अशा वेळी पोलीस, अग्निशमन दल, रेल्वे, महापालिका यांच्यापैकी प्रत्येकाजवळ संकटाचा एकेक तुकडा असतो. ते सारे तुकडे एकत्र मांडावयास एक मेज लागते.

ही गरज जुनीच आहे. १९४० साली लंडनजवळ अक्सब्रिज येथील तळघरात ब्रिटिश हवाई दलाने भल्या मोठ्या मेजावर नकाशा मांडला होता. शत्रूची विमाने दाखविणाऱ्या खुणा तरुणी लांब दांड्यांनी सरकवीत. भिंतीवरील घड्याळावर पाच-पाच मिनिटांचे तांबडे, पिवळे, निळे भाग होते आणि बातमी ज्या वेळची, त्या वेळेचा रंग खुणेला मिळे. बातमी शिळी झाली की नजरेला तत्काळ कळे. युक्ती साधी, पण तिचे मोल रडारहून फारसे कमी म्हणता येणार नाही.

आता दांड्यांची जागा बोटांनी घेतली आहे. बहुस्पर्शी मेजाचा पृष्ठभाग म्हणजेच पडदा. चारपाच जण एकाच वेळी त्यावरील नकाशा हाताळू शकतात. मित्सुबिशीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २००१ साली 'डायमंडटच' नावाचे मेज सादर केले. बोट टेकताच क्षीण विद्युत्संकेत माणसाच्या शरीरातून त्याच्या खुर्चीपर्यंत पोचे आणि स्पर्श कोठे झाला एवढेच नव्हे, तर तो कोणी केला हेही मेजाला उमगे. (दोघांनी एकमेकांचा हात धरला, तर मात्र बिचाऱ्याचा गोंधळ होई!)

प्रशासनाच्या दृष्टीने हा 'कोणी' फार महत्त्वाचा. पूल बंद असल्याची खूण वाहतूक पोलिसाने केली की ऐकीव गोष्टीवरून अन्य कोणी, यावर रुग्णवाहिकेचा मार्ग ठरावयाचा असतो. आजच्या बहुतेक पडद्यांना बोटे कळतात, बोटांचा धनी कळत नाही. म्हणून प्रत्येक खुणेबरोबर खाते आणि वेळ नोंदविण्याची सोय मुद्दाम करावी लागते. ती नसेल तर त्या चकचकीत मेजापेक्षा अक्सब्रिजच्या रंगीत खुणा बऱ्या.

आणि वीज गेली तर? मेजाला स्वतंत्र वीजपुरवठा हवाच. शिवाय शेजारी कागदी नकाशा, पेन्सिल आणि बिनतारी संच घेऊन बसलेला एक माणूसही हवा. गल्लीत छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या शिपायाचा निरोप पोचावयाचा, तो प्रथम त्याच्याच कानी.