खुपऱ्यांचा कोड
(मंडळाच्या कार्यक्रमात यशवंतपूर येथे केलेले भाषण)



मी कोडिंग करतो म्हटलं की बंगळूरात सगळ्यांना वाटतं, सॉफ्टवेअरवाला! तसं नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचून त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातला कोड द्यायचा, हे माझं काम.

आज एकच आजार घेतो, खुपऱ्या. आजीमंडळींना शब्द लगेच कळला. तरुणांसाठी सांगतो, ट्रॅकोमा. याचे जंतू हातांवरून, एकाच पंचाने तोंड पुसण्यातून, माश्यांमुळे पसरतात. लहानपणी पुन्हा पुन्हा लागण झाली की वरच्या पापणीच्या आत व्रण धरतात. पुढे कित्येक वर्षांनी पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासत राहतात. चिमट्याने ते केस उपटत बसणाऱ्या म्हाताऱ्या बायका काहींनी पाहिल्या असतील. नजर जाते ती या घासण्यानेच.

वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत डोळ्यांचे बहुतेक विकार 'एच' अक्षराखाली येतात. खुपऱ्या मात्र संसर्गजन्य रोगांत, 'ए ७१' वर. चालू लागण असेल तर 'ए ७१.१'. लागण केव्हाच संपून नुसती वळलेली पापणी उरली असेल, तर आधी पापणीचा 'एच ०२' गटातला कोड आणि जोडीला 'बी ९४.०', म्हणजे खुपऱ्यांचे मागे उरलेले परिणाम. सत्तरीच्या बाईंना 'ए ७१' लावला, तर कागद म्हणतो की जंतू आजही आहेत!

आपल्या देशात खुपऱ्यांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं की, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून हा रोग हटला. याचा अर्थ एकही रुग्ण उरला नाही, असा नव्हे. ही मान्यता पाहण्यांवरून मिळते, कोडवरून नाही, हेही खरं. पण उद्या एखाद्या मुलाला नव्याने लागण झाली, तर ती आधी दवाखान्याच्या कागदावरच दिसणार. तिथे नुसते 'डोळे आले' लिहिलं गेलं, तर ती साध्या साथीत हरवून जाईल.

डॉक्टरांनी फक्त 'पापणी आत वळली' लिहिलं असेल, तर कारण आम्ही मनाने ठरवत नाही, उलट विचारतो. कोडरने डॉक्टर व्हायचं नसतं. म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्याल तेव्हा लहानपणी खुपऱ्या झाल्या होत्या का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने कोड बदलतो.

आरतीची वेळ झाली आहे. कुणाला आपला डिस्चार्जचा कागद समजून घ्यायचा असेल, तर प्रसादानंतर मी मांडवातच आहे.