आजीकडे किती वाजले?

चोआ चू कांगमधून बोलतोय. मी आयटी सल्लागार आहे, मधल्या काळात एमबीएही केलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आज जो गोंधळ तुम्हाला सांगणार आहे तो या दोन्हींमुळेच झाला. विषय आहे लहान मुलांचं घरातलं शिकणं आणि त्याचबरोबर घरातली शांतता. आमच्या घरी या दोन्ही गोष्टी एकदमच बिघडल्या होत्या.

आमचा मुलगा सात वर्षांचा, प्रायमरी वनमध्ये. मुलगी चार वर्षांची. जानेवारीत मुलाची शाळा सुरू झाली आणि मी फ्रिजवर एक तक्ता लावला. साडेसहा ते सात इंग्रजी वाचन, सात ते सव्वासात हिंदी अक्षरं, सव्वासात ते पावणेआठ गणित. झालं की हिरवा रंग, राहिलं की लाल. शनिवारी सकाळी आठवड्याचा आढावा. ऑफिसातली मोठी माणसंसुद्धा अशा आढाव्याला कंटाळतात, पण पगार मिळतो म्हणून बसतात. सात वर्षांच्या पोराला कसला पगार?

पहिले दोन आठवडे तक्ता हिरवागार होता. तिसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी संध्याकाळी मुलाचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. धाकटी तोवर कोपऱ्यात टॅब घेऊन बसलेली असायची. दादाच्या अभ्यासात तिची लुडबूड नको म्हणून टॅब मीच तिच्या हातात दिला होता. बायको एकदा म्हणाली, "तू घरी येतोस, पण ऑफिस काही सुटत नाही. आता आम्ही तुझी टीम झालोय, एवढंच." मी ते हसण्यावारी नेलं.

मग एका बुधवारी नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनं नातवाला विचारलं, "काय रे बाळा, आज काय काय केलंस?" त्यानं फोनकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "बाबा, याचेही मार्क आहेत का?"

आईला प्रश्न कळला नाही. "काय म्हणतोय तो?" मी म्हणालो, "काही नाही गं, दमलाय." तिच्याशी खोटं बोललो. त्या रात्री सगळे झोपल्यावर तक्ता काढून टाकला.

तक्ता काढायला एक मिनिट लागलं. त्याच्या जागी काय ठेवायचं हे समजायला मात्र काही महिने गेले. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट भीतीची. मी एवढा धावत का होतो? बाराव्या वर्षी पीएसएलई आहे, म्हणून सातव्या वर्षापासून धावायचं. पण ज्यांची परीक्षा आहे त्यांनीच वेग कमी केलाय, हे मी नीट पाहिलंच नव्हतं. सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयानं २०१९ पासून पहिली आणि दुसरीला गुणांच्या परीक्षा ठेवलेल्या नाहीत. २०२३ पर्यंत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या सहामाही परीक्षाही बंद झाल्या. म्हणजे शाळेनं परीक्षा काढून टाकली आणि मी ती घरी घेऊन आलो!

दुसरी गोष्ट गणिताची. सिंगापूरच्या गणिताचं जगभर नाव आहे. त्याचा पाया १९८० च्या दशकात घातला गेला आणि तो अगदी साधा आहे. आधी वस्तू हातात द्या, मग तिचं चित्र काढा, आकडा आणि चिन्ह सगळ्यात शेवटी. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा हा विचार. आपण पालक काय करतो? दुकानातून सरावाची जाडजूड पुस्तकं आणतो आणि थेट शेवटच्या पायरीवर मुलाला बसवतो.

हेच काम आपल्याकडे फार आधी एका मराठी बाईंनी करून दाखवलं होतं. ताराबाई मोडक. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली आणि त्यावर मोजणी, रंग, आकार शिकवले. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्या कल्पनेची मुळं तिथली आहेत. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली.

आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटला अंगण नाही, पण स्वयंपाकघर आहे. म्हणून आता संध्याकाळी सात ते साडेसात आम्ही चौघं तिथे असतो. टॅब आणि चारही फोन, म्हणजे माझे दोन, बायकोचा एक आणि एक जुना, ड्रॉवरमध्ये. मुलगी मेथी निवडते. पानं इकडे, देठ तिकडे. तिच्या वयाला बोटांची ताकद हाच अभ्यास आहे, पुढे पेन्सिल त्याच बोटांनी धरायची असते. मुलगा डाळ-तांदूळ मोजतो. "दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ." एकदा त्यानं विचारलं, "पाऊण म्हणजे किती?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं डोळे वटारले. तिनं पाव वाटीचं माप त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तूच भरून बघ." तीन वेळा भरल्यावर पाऊण वाटी झाली. शाळेत अपूर्णांक यायला अजून अवकाश आहे.

मंडळी, आपल्या भाषेनं आपल्याला केवढं सामान देऊन ठेवलंय बघा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. इंग्रजीत जे दोन-तीन शब्द जुळवून सांगावं लागतं, ते मराठीत एका शब्दात होतं आणि रोजच्या बोलण्यात येतं. सव्वासात, साडेसात, पावणेआठ म्हणताना मूल नकळत बेरीज-वजाबाकी करत असतं.

अडचणही सांगायला हवी. मराठी आकडे मुलांना अवघड जातात. इंग्रजीत पंचविसातला वीस आधी येतो, मराठीत पाच आधी. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. आमचा मुलगा पंचवीस ऐकून बावन्न लिहायचा आणि मी चिडायचो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. वादात न पडता आम्ही घरी दोन्ही म्हणतो. लिफ्टमध्ये मजले मोजताना, एमआरटीची स्टेशनं मोजताना, एकदा असं, एकदा तसं. चूक झाली तर कुणी रंग भरत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. तुम्हाला माहीतच आहे, इथल्या शाळेत मातृभाषा हा विषय असतो. भारतीय मुलांना तमिळशिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भाषा घेता येतात. त्या यादीत मराठी नाही. त्यामुळे आपली बरीचशी मुलं हिंदी घेतात. मग अनेक घरांत विचार होतो, की इंग्रजी आहे, हिंदी आहे, त्यात मराठीचं ओझं कशाला? मीही असाच विचार करायचो.

पण नीट पाहा. हिंदीसाठी मूल देवनागरी शिकतंच. म्हणजे अर्धं काम शाळेनं करून दिलंय. त्याला 'ळ' दाखवा, चमच्यातला 'च' आणि चंद्रातला 'च' वेगळा कसा ते बोलून दाखवा, की मराठी पुस्तक उघडलं. आमच्याकडे माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' भारतातून येताना बॅगेत आलं. धाकटीला ते पाठ आहे, तरी रोज हवं असतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. शनिवारी आम्ही लॉट वनमधल्या ग्रंथालयात जातो, तिथली इंग्रजी चित्रपुस्तकं आणतो आणि चित्रं बघत मराठीत गप्पा मारतो. पुस्तक कोणत्या भाषेत आहे याने चित्रातल्या हत्तीला काही फरक पडत नाही.

काही आई-बाबांना वाटतं की दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं. तसं नाही. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे वाचादोष होत नाही. पण म्हणूनच, मूल वयाच्या मानानं खरंच कमी बोलत असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर "तीन भाषा आहेत, बोलेल हळूहळू" असं म्हणून थांबू नका. आपल्या चोआ चू कांग पॉलिक्लिनिकमध्ये दाखवा. मुलाच्या आरोग्य पुस्तिकेत वयानुसार तपासण्या दिलेल्या असतात, त्या चुकवू नका. लवकर दाखवलं तर मदतही लवकर मिळते.

चौथी गोष्ट पडद्याची. इथल्या आरोग्य मंत्रालयानं २०२५ च्या जानेवारीत 'ग्रो वेल एसजी' या मोहिमेत स्पष्ट सांगितलंय. दीड वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको. दीड ते सहा वर्षांपर्यंत शाळेबाहेर दिवसाला एक तासाच्या आत. सात ते बारा वर्षांना दोन तासांच्या आत. जेवताना नको, झोपण्याआधीच्या तासात नको. यात अगदी लहान बाळालाही एक सवलत आहे, ती म्हणजे व्हिडिओ कॉल. कारण तिथे समोरचं माणूस बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देतं. म्हणजे आजी चालते! माझ्या मुलीच्या बाबतीत मी नेमकं उलटं करत होतो. टॅब तासभर आणि आजी दोन मिनिटं.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड गोष्ट, आपल्या स्वतःच्या थकव्याची. सात वाजता स्वयंपाकघरात उभं राहायचं तर सात वाजता घरी असायला हवं. १ डिसेंबर २०२४ पासून सिंगापूरमध्ये कामाच्या लवचिक वेळेसाठी मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली आहेत. तुम्ही लेखी विनंती केली तर मालकानं ती नीट विचारात घ्यायची आणि दोन महिन्यांच्या आत उत्तर द्यायचं. होच म्हणायला हवं असं बंधन नाही, पण विचारायची वाट मोकळी झालीय. मी वीस वर्षं लोकांना आपलं म्हणणं कसं मांडावं हे शिकवलं आणि स्वतःसाठी एक ओळ लिहायला तीन आठवडे घाबरलो. शेवटी आठवड्यातले तीन दिवस लवकर निघायची परवानगी मिळाली. उरलेले दोन दिवस बायको लवकर येते. त्या दिवशी मी उशिरा पोचतो, भांडी माझी.

आणि ज्या दिवशी दोघंही दमलेले असतो त्या दिवशी मेथी नाही, मोजणी नाही. बाहेरून जेवण येतं आणि सगळे लवकर झोपतो. चिडलेल्या आई-बापाकडून शिकण्यापेक्षा मुलानं झोपलेलं बरं. हे मला एमबीएमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तिथे शिकवलं होतं, जे मोजता येतं तेच सुधारता येतं.

सगळं छान झालं असं सांगणार नाही. मुलगा अजूनही अर्धं इंग्रजीत बोलतो. मी अजूनही कधीकधी त्याच्या वहीतल्या चुका मनात मोजतो. पण रविवारचं पोट दुखणं थांबलंय.

आणि एक सांगतो. आता फोन आईनं करायचा नाही, आम्ही करायचा असं ठरलंय. साडेसातला कुकर बंद झाला की ड्रॉवरमधून एक फोन बाहेर येतो. मागच्या आठवड्यात मुलानं मधेच हात धरून मला थांबवलं. ओट्यावर बोटं ठेवून काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "साडेसातातून अडीच गेले की पाच. आजीकडे पाच वाजले. ती चहा करत असेल."

फोन लागला. पडद्यावर आधी कपाळ दिसलं, मग छत, मग गॅसवरचं आधण. आई म्हणाली, "थांब रे, दूध उतू जाईल." तो म्हणाला, "आजी, किती कप दूध घातलंस?" ती म्हणाली, "दीड." मग त्यांचं जे सुरू झालं, त्यात माझी काही गरज नव्हती. मी पानं घ्यायला गेलो.

आज संध्याकाळी तुमच्या घरी कुणाला तरी एक वाटी हातात द्या आणि विचारा, पाऊण म्हणजे किती. उत्तर लगेच सांगू नका. एवढंच. काळजी घ्या, पुन्हा भेटू. नमस्कार.