कोडिक्करईचे हिवाळी पाहुणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात दिलेले भाषण)



पक्ष्यांविषयी मी बोलावे, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. सरकारी फायलींत आयुष्य घालविलेला साधा पदवीधर आहे. परंतु तमिळनाडूत बदली झाल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात कोडिक्करईला जात आलो, एवढ्याच अधिकारावर हे चार शब्द.

बंगालचा उपसागर जेथे पाल्कच्या सामुद्रधुनीला भेटतो आणि किनारा एकाएकी पश्चिमेकडे वळतो, ते हे टोक. इंग्रजांनी त्यास पॉइंट कॅलिमियर म्हटले. १९६७ साली येथे अभयारण्य झाले. २००२ साली लगतच्या वेदारण्यमच्या दलदलीसह ते रामसर यादीत गेले. आपल्याकडचा पाऊस आषाढ-श्रावणातला. येथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. खाऱ्या दलदलीत तेव्हा गोडे पाणी मिसळते, सूक्ष्म जीव माजतात आणि ऐन हिवाळ्यात पक्ष्यांचे ताट वाढलेले असते. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळीत उभे असतात. त्यांच्या पायांशी टिलवे धावतात. छोटा टिलवा भरतो जेमतेम पंचवीस ग्रॅम, आणि येतो उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून! मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या वाटांचा मागोवा घेतला. गवताळ पट्ट्यात काळविटांचे कळप आहेत, शिवाय रानटी झालेली तट्टेही.

मात्र जुन्या नोंदींशी ताडून पाहता पक्षी पुष्कळ घटले आहेत. दलदलीचा मोठा भाग मिठागरांखाली गेला, गोड्या पाण्याची आवक उणावली, वेड्या बाभळीने कुरणे गिळली. २०१८ च्या गज वादळाने तर झाडांची दाणादाण केली. मिठागरांना नुसता दोष देणे मला जड जाते. याच वेदारण्यमला १९३० साली राजाजींनी मिठाचा सत्याग्रह केला, आणि आजही कित्येक चुली त्याच मिठावर पेटतात.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची सहल मीच तेथे नेली. वाटेत दुसऱ्या सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ बांधविलेला मनोरा पाहिला; तंजावरचे नाव निघाले की आपली मंडळी तेथून हलत नाहीत! दुपारी दलदलीवर पोहोचलो तो मुलांचा कल्लोळ, डबे, अंताक्षरी. छायाचित्रासाठी कोणीसे टाळ्या पिटल्या. सारा थवा उडाला. आम्ही "वा! वा!" केले. वनरक्षक तेवढा गप्प होता. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सार, ते दिवसभर खातात ते परतीच्या वाटेसाठी. तुम्ही आत्ता त्यातले थोडे खर्च करविलेत."

मी काहीच बोललो नाही. पदाधिकाऱ्यांनाही हे आजवर सांगितले नव्हते.

पुढल्या जानेवारीत पुन्हा गेलो, सोबत मंडळातली चारच मुले. पहाटे बांधाआड बसलो. धाकटीला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिने पदर म्हणून माझ्या मफलरचे टोक तोंडात कोंबले. उजाडता उजाडता रोहित चरत चरत इतके जवळ आले, की चिखलात पाय रुतल्याचा आवाज ऐकू येत होता. तासाभराने आम्हीच मागच्या मागे सरकत निघालो. ते तेथेच होते.